काठावरची जागा

ताईच्या पोटात दुखायला लागलं ते एका टॉवेलवरून. टॉवेल साधाच होता, निळा, कडेनं धागे सुटलेला; शिवणकाम करणाऱ्या ताईनं लांबूनच नाक मुरडावं असा. पण तो तिच्या भावाचा होता आणि एका परक्या बाईच्या मांडीवर होता.

आधी या भावाबद्दल सांगायला हवं. जन्मापासूनच त्याची समज सावकाश चालणारी. बोलायचा मोजकं, शिकायला वेळ घ्यायचा, पण एकदा शिकलेलं कधी विसरायचा नाही. आई-वडील गेल्यावर ताईनं त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. तिच्या लग्नाचा विषय निघाला की 'मग याचं कोण बघणार?' म्हणून ती तो मिटवून टाकायची, आणि खरं सांगायचं तर त्या विषयासाठी कोणी फारसं अडूनही बसत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांचा झाला तरी घरात तो 'छोट्या'च होता. त्याच्या शर्टाची बटणं ताई लावायची, सफरचंदाच्या फोडी ताई करून द्यायची, आणि कोणी त्याला काही विचारलं तर उत्तरही ताईच द्यायची.

मग ताईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि छोट्याला थोड्या दिवसांसाठी 'त्या' घरात ठेवलं. एकट्यानं राहणं ज्यांना जड जातं, पण कोणाच्या घरात ओझं होऊनही राहायचं नाही, अशा माणसांसाठीचं ते घर. प्रत्येकाला आपली खोली, खोलीला आपली किल्ली, आणि अडलंच तर हाक मारायला तळमजल्यावर मॅडम. ताईचे गुडघे बरे झाले. भाऊ परत आला नाही. न्यायला गेली तर म्हणाला, "मी इथेच." उत्तर त्यानं स्वतः दिलेलं. ताई एकटीच परत आली.

त्या घरात सतत काहीतरी चाललेलं असायचं. आज पत्ते, उद्या कुंड्यांना माती, परवा सगळ्यांनी मिळून बेसूर गाणी, आणि रविवारी सकाळी पोहणं. मॅडम मनानं चांगली, पण बोलताना समोरच्याला कुठं लागेल याचा तिला पत्ता नसायचा. ती ताईला म्हणाली, "माणूस नुसता खाऊन-झोपून बरा राहत नाही हो. त्याला रमायला काहीतरी लागतं."

"म्हणजे माझ्याकडे नुसता खाऊन-झोपून होता का?" ताई म्हणाली.

"तसं नाही म्हणाले मी."

"मग कसं म्हणालात?"

मॅडमनं चहा मागवला. ताईनं तो घेतला नाही.

तर पोहणं. पोहायला म्हणून नाहीच, पण साधं हौदाजवळसुद्धा ताईनं भावाला कधी जाऊ दिलं नव्हतं. आणि इथे तो रविवारी शहरातल्या मोठ्या तलावात उतरत होता. त्या घराची एक पद्धत होती. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकानं आपला एक 'काठ' निवडायचा. काठ म्हणजे माणूस. त्यानं मांडीवर टॉवेल घेऊन काठावर बसायचं, आपल्या माणसावरची नजर हलवायची नाही, गप्पा मारायच्या नाहीत, सूचना द्यायच्या नाहीत. पाण्यातल्यानं हात वर केला तरच पोहणं शिकवणाऱ्या सरांना बोलवायचं. कोणाला काठ करायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं, त्यात मॅडमचीसुद्धा ढवळाढवळ नसायची.

छोट्यानं काठ निवडला होता समोरच्या खोलीतल्या ऑपरेटरबाईंना.

या बाई पूर्वी टेलिफोन ऑफिसात होत्या. मध्ये बरीच वर्षं आजारपणात गेली. डोक्यात आवाज यायचे म्हणे. आता औषधांवर ठीक होत्या, फक्त कोणी समोर आलं की अजून "बोला" म्हणायच्या आणि बोलणं संपलं की "ठेवते" म्हणून निघून जायच्या. ताईनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तलावावरच. पाठ ताठ, मांडीवर निळा टॉवेल, आणि डोळे असे रोखलेले की माशी नाकावर बसली तरी हलणार नाहीत. ताई जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"मी त्याची बहीण."

"बोला," बाई म्हणाल्या. बघितलंसुद्धा नाही.

छोट्या पाण्यातून बाहेर आला. बाईंनी टॉवेल पुढे केला. त्यानं स्वतःच अंग पुसलं, सावकाश, आधी मान, मग हात, मग पाय. ताईचे हात दोन वेळा आपोआप पुढे गेले आणि दोन्ही वेळा रिकामे परत आले.

"दादा, आज पाय छान मारलेत तुम्ही," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

दादा! आणि वर 'तुम्ही'! ताईला आधी वाटलं, बाई दुसऱ्या कोणाशी बोलतायत. मग कळलं की अख्खं घर त्याला दादाच म्हणतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. का, ते तिला सांगता आलं नसतं. भावाला कोणी मान दिला म्हणून बहिणीला राग यावा हे काही बरं दिसत नाही, हे तिलाही कळत होतं. म्हणून तर ती आणखी चिडली.

घरी येऊन तिनं त्याच्यासाठी शर्ट कापायला घेतला. त्याची मापं तिला तोंडपाठ. दिवसभरात शर्ट तयार करून ती घेऊन गेली, तर तो त्याच्या खांद्यांवर चढेना. उसवायला लागला. छोट्या आरशात बघून हसला.

"पाण्यानं झालं," तो म्हणाला आणि दंड फुगवून दाखवला.

ताईनं मापपट्टी काढून पुन्हा माप घेतलं. ज्या खांद्यांना तिनं आयुष्यभर कापड मोजलं होतं ते खांदे तिला न विचारता वाढले होते. त्या बाईला मात्र ते ठाऊक असणार. दर रविवारी समोर बसून बघत होती ना ती! मापपट्टी गुंडाळताना ताईच्या मनात आलं ते इतकं वाईट होतं की तिनं स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. मनात आलं होतं, याला सर्दी तरी व्हावी.

मग कळलं की येत्या रविवारी छोट्या तलाव पार करणार आहे. पाठीला तरंगायचा फुगा न बांधता, एकट्यानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सर म्हणाले होते, तयार झालाय. घरातली सगळी मंडळी बघायला येणार होती.

ताईनं ठरवलं, त्या दिवशी काठावर मीच. दुसऱ्या कशाची तिला अपेक्षा नव्हती. भाऊ परत येत नाही तर ना येवो, शर्ट बसत नाही तर ना बसो. पण ज्या दिवशी सगळे बघतील त्या दिवशी त्याचा टॉवेल माझ्या मांडीवर पाहिजे. तिनं टॉवेलच्या कापडाचा एक डगला शिवला, टोपीसकट, खांद्यांत नव्या मापाचा, आणि तो घेऊन छोट्याच्या खोलीत गेली.

"रविवारी काठावर मी बसते."

"बाई बसतात," छोट्या म्हणाला.

"बाई नेहमीच बसतात. एक दिवस मी."

त्यानं विचार केला. त्याच्या विचाराला वेळ लागायचा आणि एरवी ताई तेवढ्यात उत्तर देऊन मोकळी व्हायची. या वेळी ती थांबली. तो म्हणाला, "बाईंना जमतं."

यावर ताई रडायला लागली. खोटं रडली असं म्हणणार नाही, पण रडू आवरायचा प्रयत्न तिनं केला नाही एवढं नक्की. "लहानाचा मोठा मी केला तुला. आणि माझ्यापेक्षा ती बाई जवळची झाली?"

ताईचं रडणं छोट्याला कधीच सोसलं नव्हतं. त्यानं डगला अंगात घातला, टोपी डोक्यावर ओढली, आणि तसाच समोरच्या दारावर जाऊन टकटक केली. ताई मागोमाग गेली.

"बोला," ऑपरेटरबाई दार उघडून म्हणाल्या.

"रविवारी ताई काठ."

बाईंनी छोट्याकडे बघितलं, डगल्याकडे बघितलं, मग ताईच्या लाल डोळ्यांकडे. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. ताईला ते दिसलं आणि, काय सांगावं, बरं वाटलं.

"तुम्ही ठरवलंत ना दादा? मग ठीक आहे." आणि ताईला म्हणाल्या, "गप्प बसता येतं ना?"

"माझा भाऊ आहे तो," ताई म्हणाली.

"ते विचारलं नाही मी. ठेवते." दार बंद झालं.

रविवारी तलावावर ही गर्दी. या घरची मंडळी पायऱ्यांवर ओळीनं बसलेली, शिवाय इतर लोक, त्यांची पोरं, त्यांचा कलकलाट. ऑपरेटरबाई सगळ्यांत वरच्या पायरीवर, एकट्या, रिकाम्या मांडीवर हात ठेवून. ताई काठावरच्या बाकावर टॉवेल घेऊन बसली. निळा टॉवेल नव्हे. तिनं घरून नवा आणला होता.

छोट्या पाण्यात उतरला. सर काठानं त्याच्याबरोबर चालू लागले. आणि तो पोहायला लागला तेव्हा ताई खरोखर थक्क झाली. तो डौलात वगैरे पोहत नव्हता, हात जरा आपटतच होता, पण पुढे जात होता. एक हात, दुसरा हात, मग तोंड उजवीकडे वळवून श्वास. पुन्हा तसंच. कोणी धरलेलं नाही, कोणी सांगत नाही. हा माझा छोट्या! तिचा ऊर भरून आला आणि अर्धा तलाव होईपर्यंत ती अगदी नियमानं वागली. जागची हलली नाही की ओठ उघडले नाहीत.

मग तिच्या लक्षात आलं की श्वास घेताना तो तिच्याकडे बघत नाहीये. तोंड तिच्याच बाजूला वळत होतं, पण डोळे तिच्या डोक्यावरून पलीकडे जात होते. पायऱ्यांकडे. वरच्या पायरीकडे. तिनं मान वळवून बघितलं, तर ऑपरेटरबाई पुढे झुकून त्याच्याकडेच बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. म्हणजे टॉवेल माझ्याकडे आणि काठ तीच! सगळ्या आठवड्याचा जळफळाट ताईच्या गळ्याशी आला. तिनं बाकावरून उठून हाक मारली.

"छोट्या! इकडे!"

आता या हाकेची गोष्ट. छोट्या लहान असताना एकदा रस्त्यावर पळत सुटला होता आणि गाडीखाली यायचा थोडक्यात वाचला. तेव्हापासून ताईनं त्याला एक गोष्ट शिकवली, घटवून घेतली, अंगणात, जिन्यात, बाजारात, जमेल तिथे: ताईची हाक आली की असशील तिथे थांबायचं. हात खाली, पाय जुळवून, सरळ उभं. किती वेळा या सवयीनं त्याचा जीव वाचला असेल याची गणती नाही. आणि मघाशी सांगितलंच की शिकलेलं तो विसरायचा नाही.

हाक आली. छोट्या थांबला. तलावाच्या खोल भागात, पायाखाली काही नसताना, त्यानं हात खाली घेतले, पाय जुळवले, सरळ झाला, आणि ताईकडे बघत शिस्तीत पाण्याखाली गेला.

सरांनी कपड्यांनिशी उडी मारली. वर काढेपर्यंत फार वेळ गेला नाही. ज्या तोंडानं हाक मारली ते तोंड उघडंच राहिलं. छोट्याला काठावर आणलं. तो खोकला, भरपूर पाणी ओकला, पुन्हा खोकला. मग त्यानं ताईला शोधलं, आणि ती दिसल्यावर त्याचा चेहरा फुलला.

"थांबलो ना?" त्यानं विचारलं. "ताई, लगेच थांबलो ना?"

कौतुकाची वाट बघत होता तो. लहानपणी बरोबर थांबला की ती त्याच्या गालावर टिचकी मारायची. ताईनं त्याला डगल्यात गुंडाळलं, टोपी घातली, पण तिचा हात काही गालापर्यंत गेला नाही.

मॅडम धावत आली होती. तिनं ताईच्या पाठीवर हात फिरवला. "घाबरलात तुम्ही. साहजिक आहे. बहिणीचं काळीज हो." पायऱ्यांवरच्या मंडळींनीही माना डोलावल्या. कोणी पाणी आणलं, कोणी बसायला जागा दिली. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती घाबरली नव्हती. भाऊ इतका छान पोहत होता की घाबरायला जागाच नव्हती.

सर कपडे पिळत म्हणाले, "हाकेला असा थांबणारा माणूस मी खोल पाण्यात सोडणार नाही. इथे दिवसभर आया ओरडत असतात, आणि अर्ध्या पोरांना घरात छोट्याच म्हणतात. शिकवलंत तुम्ही, तर आता सोडवाही तुम्हीच. तोवर कमरेएवढं पाणी. त्याच्या पुढे नाही."

सगळे पांगल्यावर ऑपरेटरबाई खाली आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. छोट्या कपडे बदलायला गेला होता. या वेळी "बोला" म्हटलं ते ताईनं.

"तुम्ही घाबरला नव्हता," बाई म्हणाल्या.

"नाही."

"मग?"

"तो तुमच्याकडे बघत होता. टॉवेल मी धरलेला, आणि बघतो तुमच्याकडे. मला नाही सहन झालं." हे बोलताना ताईला वाटलं होतं लाज वाटेल. वाटली, पण थोडी हलकीही झाली.

ऑपरेटरबाईंनी मान हलवली. "माझ्याकडे कुठला बघतोय. त्याचं तोंड तसं वळतं. मी काठावर असते तेव्हाही तो माझ्या डोक्यावरून बघतो. पहिल्यांदा मलाही राग आला होता. मग सरांना विचारलं, तर म्हणाले, डोळ्यांत पाणी असतं, त्याला काही दिसत नाही. तो कोणाकडेच बघत नाही हो."

"आणि तुमचे ओठ हलत होते ते?"

"खरं सांगू? मी म्हणत होते, आज याला जमू नये. तुम्ही बसलात तर जमू नये. पुढच्या रविवारी मी बसेन तेव्हा जमावं." त्यांनी बाकावर पडलेल्या टॉवेलचं टोक उगाच सारखं केलं. "आणि मग तो खाली गेला. मला वाटलं, मीच बुडवला."

दोन बायका एकमेकींकडे पहिल्यांदाच नीट बघत होत्या. ताईला बाईंचा राग आला, कीवही आली, आणि आपल्यासारखीच दुसरी कोणी जळकी बाई या जगात आहे म्हणून फार बरंही वाटलं.

"भलत्याच आहात तुम्ही," ताई म्हणाली.

"तुम्ही काय कमी आहात?" बाई म्हणाल्या. "ठेवते." पण उठल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात ताई रोज दुपारी तलावावर येऊ लागली. उथळ भागात, कमरेएवढ्या पाण्यात, छोट्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोहायचा आणि ताई काठावरून हाक मारायची. हवी होती ती जागा तिला अशी मिळाली. टॉवेल मात्र ऑपरेटरबाईंकडे. तो तिनं स्वतःहून दिला होता. देताना हाताला जड गेला, तरी दिला.

"हे बघ," तिनं छोट्याला सांगितलं, "पाण्यात ताईनं हाक मारली तरी थांबायचं नाही."

"गाडी आली तर?"

"रस्त्यावर थांबायचं. पाण्यात नाही."

"ताई ओरडली तर?"

"ओरडली तरी नाही."

"ताई रडली तर?"

ऑपरेटरबाई मुकाट्यानं तलावाच्या दुसऱ्या टोकाकडे बघायला लागल्या. "रडली तरी नाही," ताई म्हणाली.

पण सांगणं वेगळं. ती हाक मारायची आणि तो थांबायचा. उभा राहायचा, पाणी निथळत, हात खाली, पाय जुळवलेले, आणि विचारायचा, "हं?" पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा हाक, पुन्हा "हं?" पहिले काही दिवस ताईला मनातून गोडच वाटायचं. बाई बघतायत ना, तिला वाटायचं, बघू दे की, माझ्या एका हाकेवर कसा उभा राहतो! ती तोंडानं म्हणायची, "चुकलं छोट्या," पण आवाज लाडाचा यायचा. छोट्या फसणार नाही तर काय!

"अशानं जन्मात नाही जमायचं," ऑपरेटरबाई एकदा म्हणाल्या. "तुम्हाला तो थांबायला हवाय. ते त्याला ऐकू येतं."

ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्या दिवशी घरी गेल्यावर शिवणाच्या मशीनपुढे ती नुसतीच बसून राहिली. बाई आयुष्यभर कानांवर जगलेली; तिला ऐकू आलं ते खरंच असणार.

दुसऱ्या दिवशी छोट्या पाण्यात उतरला, भिंतीला पाय लावून निघाला. मध्यावर आल्यावर ताईनं हाक मारली. या वेळी तिनं आवाजात काही ठेवलं नाही. भाजीवाल्याला हाक मारावी तशी मारली.

"छोट्या!"

त्याचा एक हात हवेत अडखळला. खांदे, ते नवे रुंद खांदे, क्षणभर आखडले. मग हात पाण्यात पडला, तोंड उजवीकडे वळलं, त्यानं श्वास घेतला, आणि तो पुढे गेला. सरळ, त्या भिंतीपर्यंत. भिंतीला हात लावला तेव्हा कुठे त्यानं मागे वळून बघितलं.

"हाक मारलेली?" त्यानं तिकडून ओरडून विचारलं.

"हो!"

"मी नाही थांबलो!"

"नाही थांबलास!" ताई म्हणाली आणि तिनं टाळ्या वाजवल्या, चांगल्या मोठ्यानं.

"जमलं," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "रविवारी सरांना दाखवू." त्या टॉवेल घेऊन पलीकडच्या भिंतीकडे निघाल्या, कारण छोट्या तिकडून बाहेर येणार होता.

ताई इकडेच राहिली. तो शिडी चढला, बाईंच्या हातातून टॉवेल घेतला, मान पुसायला लागला, काहीतरी सांगायला लागला, हसला. ताईनं आणखी एकदा हाक मारली, तिची तिलाच जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू.